उलट्या बटणांचा कोट

१

एनॉक सग्डन कालव्यात सापडला तेव्हा त्याच्या अंगावर कोपरांवर विरलेला जुना रेनकोट होता. आणि काठावरच्या लाकडी खोपटात, खुंटीला, तपकिरी कागदात बांधलेला एक कोराकरकरीत ट्रेंच कोट टांगलेला होता. बाहेर दोन दिवस पाऊस कोसळत होता, पण त्या कागदावर पाण्याचे जेमतेम चार थेंब होते.

आमचं कॅल्डरथॉर्प म्हणजे कोटांचं गाव. इथे रस्त्यात माणूस भेटला की आधी त्याची कॉलर बघतात, मग तोंड. ऑर्मरॉइडच्या कारखान्यात माझी आई काजं करायची, आता मी करते. एनॉक आमचा मुख्य कापणारा आणि फोरमन. गॅबर्डिन कापडाच्या ताग्यावर त्याने खडूची रेघ ओढली की ती पुसायची कुणाची छाती नव्हती.

कारखान्याची एक जुनी रीत आहे. फोरमन निवृत्त व्हायचा झाला की त्याने स्वतःसाठी एक कोट करायचा. कापड निवडणं त्याचं, बेतणं त्याचं, शिवणं त्याचं. शेवटच्या दिवशी तो कोट घालून फाटकाबाहेर पडायचं आणि आम्ही सगळ्यांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवायच्या. एनॉकची पाळी यंदा होती. सबंध हिवाळा तो कापड निवडत होता. तागा खिडकीपाशी धरायचा, विणीतून उजेड दिसला की परत. दिसला नाही तर कापडाची खोळ करून त्यात पाणी ओतून ठेवायचा आणि जेवून आल्यावर खालून हात लावून बघायचा. मग मुठीत चुरगाळायचा. "मला पसंत करताना माझे दात तेवढे मोजले होतेस," असं त्याची बायको विनी हसून म्हणायची.

तर ते पुडकं जेरल्ड ऑर्मरॉइडने, म्हणजे मालकाच्या मुलाने, कापायच्या टेबलावर सगळ्यांसमोर सोडलं. कोट उलगडला. काय कोट होता तो. कॉलर अशी बसवलेली की मान नसतानाही ताठ. खांद्यावरचे पट्टे, छातीवरचा पावसाचा पदर, पाठीवरून पाणी ओघळून जावं म्हणून घातलेली झूल, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तरी सगळ्यांची नजर एकाच जागी खिळली.

बटणं डावीकडे होती.

पुरुषाच्या कोटाची बटणं उजव्या बाजूला असतात, बाईच्या डाव्या. आमच्या गावात हे शिकवावं लागत नाही. आंधळ्यालासुद्धा हाताने कळतं.

"बाईचा कोट आहे," कुणीतरी हळूच म्हणालं.

विनी दारातच उभी होती.

२

चौकशीला आला सार्जंट पेनरोज. तो तिकडे पार दक्षिणेचा, कॉर्नवॉलचा, कोळ्याच्या घरातला. कपड्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. स्वतःचा कोट तर असा घालायचा की बघून माझे हात शिवशिवायचे.

त्याला एकच शोधायचं होतं. एनॉकच्या कपाळावर खोक होती. पडताना लागली, की कुणी घातली?

मी विनीची शेजारीण, शिवाय कारखान्यातली. त्याने मला बरोबर घेतलं. "हॅनाबाई, मला इथली भाषा कळते, पण माणसं काय बोलतायत ते कळत नाही," तो म्हणाला.

पहिल्यांदा जेरल्डला गाठलं. जेरल्ड रागाने लाल होता.

"आमच्या रीतीचं हसं केलं हो त्याने. स्वतःच्या निवृत्तीचा कोट एका बाईला? वर लपूनछपून. काजंसुद्धा ह्या हॅनाकडे दिली नाहीत, हाताने केली."

ते मला झोंबलंच. काजं बरी होती, पण माझ्यासारखी नव्हती.

"एवढा मोठा कोट कुठल्या बाईला होईल?" पेनरोजने विचारलं.

"थोराड बाईला. खांदे बघा. बाही गळ्यापासून तिरकी काढलीय, खांद्यावर शिवणच नाही. हात वर न करता अंगात जावी अशी."

"आणि ह्या पट्ट्याला बकल का नाही?"

कमरपट्ट्याच्या टोकाला एक मोठा आकडा होता आणि समोर कडी. अडकवला की झालं. जेरल्डने खांदे उडवले. "नटव्या बायकांना काय, रोज नवीन फॅशन लागते."

पेनरोज कोट चाचपत राहिला. डाव्या मनगटावरचा पट्टा कायमचा शिवून टाकलेला होता. उजव्या मनगटाला पट्टाच नव्हता, नुसतं आतून एक बटण होतं. आणि उजव्या खिशाच्या काठावर एक एकटं काज.

"हे काज कशाचं?"

"चुकलं असेल," जेरल्ड म्हणाला. "मन थाऱ्यावर नसलं की माणूस चुकतो."

मला ते पटलं नाही. एनॉक उगाचचं काज कधी करणार नाही. काज म्हणजे चांगल्या कापडाला पाडलेलं भोक.

आतला खिसा उजव्या बाजूला होता, पाइप मावेल एवढा खोल. पेनरोजने तो दोनदा आतबाहेर करून पाहिला.

"इथल्या बायका पाइप ओढतात का?"

जेरल्डने टोपी उचलली. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "थोराड बाई हवी असेल तर कालव्यापलीकडे राहते. मिस क्रॉदर. चॅपलमध्ये तिच्या गाण्याला एनॉक मान डोलवायचा, ते सगळ्यांनी पाहिलंय."

३

त्याआधी विनीकडे जाणं भाग होतं. तिने चहा केला, आल्याचा केक कापला, आणि स्वतः उभीच राहिली.

"गुरुवारी पुरणार आहेत त्याला," ती म्हणाली. "चॅपलमागे आमच्या दोघांची जागा आहे. ती मी त्याला देणार नाही. कुठेही टाका. मी येणारही नाही."

"विनी," मी म्हटलं, "उद्या पस्तावशील."

"तू गप गं. तुझा नवरा दारू पिऊन मेला. निदान कशाने मेला ते तुला माहीत होतं."

मी केकचा तुकडा मोडत बसले.

पेनरोज हळू आवाजात म्हणाला, "त्या दुपारी ते कुठे जातो म्हणून निघाले?"

"काही बोलला नाही. पुडकं काखेत मारलं, जुना कोट चढवला. मी म्हटलं, पाऊस बघ. तर म्हणाला, मी भिजलो तरी चालेल, ह्याला कोरडं न्यायचंय. तेव्हा मला वाटलं, कोट कारखान्यात दाखवायला नेतोय." तिने केकची सुरी टेबलावर आपटली. "मी त्याचा मफलर नीट केला हो सार्जंट. दुसरीकडे जाणाऱ्याचा मफलर नीट केला."

"तुमच्यापासून काही लपवावं असं त्यांना कधी वाटायचं का?"

"आमच्या घरात लपवाछपवी नाही. जे बोलायचं नाही ते बोलायचं नाही, एवढंच."

"काय बोलायचं नाही?"

विनीने कप उचलले. चहा अजून अर्धा होता.

"ते तुमच्या कामाचं नाही," ती म्हणाली.

४

मिस लॅव्हिनिया क्रॉदर दारातच इतकी उंच दिसली की पेनरोजने नकळत टोपी काढली. तिच्या कानावर सगळं गेलं होतं.

"या. पाप बघायला आलात ना? बसा, पाप चहाही करतं."

"बाई, आम्ही फक्त..."

"मी पाहिलाय तो कोट. जेरल्डने शोभेला ठेवल्यासारखा टेबलावर पसरलाय, सगळं गाव बघून आलं. सार्जंट, मी उंच आहे, पण पिंप नाही. त्या कोटाला कंबर कुठे आहे? कापड आवळायच्या चिमट्या कुठे आहेत? एनॉकने बाईसाठी कोट बेतला असता तर तिचं माप घेतलं असतं. हॅना, तू तरी बघायचंस."

मी बघितलं होतं. पण बटणं डावीकडे दिसली आणि पुढचं काही दिसेनासंच झालं. आम्हा सगळ्यांचं तेच झालं. ज्याला बटणातलं काही कळत नाही तो बाकीचा कोट तरी बघतो.

"त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"गावातून परत येत होते, भिजत. फिरता पूल उघडा होता, होड्यांसाठी बाजूला वळवलेला, माणसाला वाट बंद. होडी ना बिडी, तरी उघडा. रस्त्याने वळसा घालून यावं लागलं. पूलवाल्याला हाक मारली, घरातून धूर निघत होता, पण सेथ सग्डन दार कसलं उघडतोय."

"सग्डन?" पेनरोजने मान वर केली.

"एनॉकचा धाकटा भाऊ," मी सांगितलं. "लढाईआधी कापायच्या टेबलावर एनॉकच्या शेजारी उभा राहायचा. लढाईवरून आला, तो कारखान्यात परत लागला नाही. भावाभावांत तेव्हापासून बोलणं बंद. तिकडे पुलावर एकटा असतो, जुन्या लष्करी घोंगडीत गुंडाळलेला."

पेनरोज खिडकीशी गेला. तिथून कालवा दिसत होता. पलीकडच्या काठाने गावाकडून येणारी पायवाट, डावीकडे फिरता पूल, आणि जरा खालच्या अंगाला पाणी अडवून होड्या वरखाली करायचे मोठे लाकडी दरवाजे. त्या दरवाजांच्या माथ्यावरून एक अरुंद फळी जाते. तिच्याखालीच एनॉक सापडला होता.

"त्या फळीवरून कोणी जातं?"

"पोरं जातात. पावसात तीही जात नाहीत. शेवाळ असतं."

"आणि खोपटं गावाच्या बाजूला आहे," पेनरोज स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे त्याने पुडकं कोरडं ठेवलं, हात मोकळे केले, आणि इकडे यायला निघाला."

"माझ्याकडे नाही," मिस क्रॉदर म्हणाली. मग म्हणाली, "आला असता तर चहा दिला असता. सभ्य माणूस होता तो. हे आता कोणी म्हणणार नाही."

५

बुधवारी पेनरोज तो कोट घेऊन माझ्या घरी आला. माझ्या टेबलावर शिलाईचं सामान पसरलेलं, खुर्च्यांवर कपडे. मी त्याच्या हातात चहाचा मग दिला आणि तो ठेवायला त्याला जागाच मिळेना.

"माप तरी कळू दे," म्हणत त्याने डावा हात बाहीत घातला. उजव्या हातात मग होता म्हणून ती बाजू नुसती खांद्यावर टाकली. आणि बोलता बोलता डाव्या हाताने बटणं लावायला लागला.

"हॅनाबाई, मला एक कळत नाही, की जर तो..."

तो थांबला. खाली बघितलं. सगळी बटणं लागली होती. मग त्याने आकडा कडीत अडकवला. तोही एका हाताने बसला.

"माझा कोट द्या जरा," तो म्हणाला.

स्वतःचा कोट त्याने तसाच, चहाचा मग उजव्या हातात धरून, डाव्या हाताने लावून पाहिला. पहिल्याच बटणाला त्याचा घाम निघाला, चहा बाहीवर सांडला.

"हॅनाबाई, हा बाईचा कोट नाही. हा डाव्या हाताचा कोट आहे. आतला खिसा उजवीकडे, कारण डावा हात तिथे पोचतो. डाव्या मनगटाचा पट्टा आधीच शिवलेला, कारण तो आवळायला दुसरा हात नाही. उजव्या बाहीत बटण आणि खिशाला काज, कारण ती बाही रिकामी राहणार, वाऱ्याने फडफडू नये म्हणून खिशात अडकवायची." त्याने चहाचा मग माझ्या हातात दिला. "तुमच्या गावात उजवा हात नसलेला माणूस कोण आहे?"

उत्तर मला, जेरल्डला, सगळ्या कारखान्याला माहीत होतं. आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. आम्ही बटणंच बघत बसलो.

"सेथ," मी म्हटलं. "हात लढाईत गेला. परत आल्यावर कापायचं काम मागायला आला होता. एनॉक तेव्हा नुकताच फोरमन झालेला. म्हणाला, एका हाताने कापता येत नाही, मी तुला टेबल देऊ शकत नाही. सेथ सगळ्यांसमोर म्हणाला, मी गेलो तेव्हा तू घरी बसून लष्करी साहेबांचे कोट कापत होतास, भेकडा. मग विनीने जाहीर केलं, ह्याचं नाव माझ्या घरात निघायचं नाही."

"आणि निघालं नाही," पेनरोज म्हणाला.

"नाही. एनॉक शब्दाचा पक्का."

आम्ही कोट परत कागदात बांधला आणि आधी विनीच्या दारावर थाप मारली.

६

विनीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. टोपी घातली आणि म्हणाली, "चला."

पूल लावलेला होता, आम्ही तो ओलांडला. सेथने दार उघडलं, विनीला पाहिलं, आणि बाजूला झाला. मी त्याला खूप वर्षांत इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ऐन जवानीत दारातून आडवं शिरावं लागायचं त्याला. आता खुर्चीत बसला तर खुर्चीच मोठी दिसत होती.

"पुलाबद्दल विचारायला आलात," तो पेनरोजला म्हणाला. "विचारा. मी वाटच बघतोय."

"तुम्ही सांगा."

"दुपारी पलीकडच्या काठावर उभा होता. कोटाआड काखेत पुडकं. पूल उघडा होता, नुकतीच एक होडी सोडली होती. त्याने हाक मारली. मी खिडकीतून बघितलं." सेथने बाहेरच्या चाकाकडे बोट केलं. "पूल लावायला फार वेळ लागत नाही. चाक फिरवायचं. एका हाताने फिरतं. मी नाही फिरवलं. पडदा ओढला."

"मग?"

"बराच वेळ ओरडत होता. मग आवाज बंद झाला. मला वाटलं, गेला घरी. मला बरं वाटलं, खरं सांगतो. म्हटलं, आता कळू दे दाराबाहेर उभं राहणं काय असतं. तो फळीवरून येईल असं माझ्या मनातही नव्हतं. थोरला पाण्याला घाबरायचा हो."

पेनरोजने वही उघडलीच नव्हती. "ह्यात गुन्हा नाही," तो म्हणाला. "पाय घसरला, दरवाजाच्या तुळईवर डोकं आपटलं. कुणी मारलं नाही त्यांना."

"कायद्याने नाही," सेथ म्हणाला.

विनीने पुडकं सोडलं आणि कोट त्याच्यासमोर धरला. सेथ कापणारा होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याची नजर बटणांवरून आकड्यावर गेली, आकड्यावरून खिशाच्या काठावरच्या त्या एकट्या काजावर. तिथे त्याने अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"आम्ही टेबलावर म्हणायचो," तो म्हणाला, "कापायचे आपण आणि घालायचे साहेबांनी. शिपायाला असला कोट कोण देतो? मी म्हणायचो, लढाईवरून आलो की एक माझ्यासाठी काप. कापड उजेडाला धरून बघून."

"घाल," विनी म्हणाली.

त्याने घातला. बटणं एकामागून एक लागली, कुणी मदत केली नाही. मग तो उभा राहिला आणि आम्हाला दिसलं. खांदे दोन्हीकडे लोंबत होते, छातीत आणखी एक माणूस मावला असता. एनॉकच्या हातून मापात चूक होत नाही. कोट बरोबर होता, पण तो लढाईवर निघालेल्या सेथचा होता. त्यानंतरचा सेथ एनॉकने नीट कधी पाहिलाच नव्हता.

"मोठा आहे," सेथ म्हणाला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

विनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. रागाने बोलेल असं मला वाटलं, पण तिच्यात राग उरलाच नव्हता.

"माझ्यामुळे चोरून शिवला त्याने," ती म्हणाली. "घरात तुझं नाव चालत नव्हतं ना. माझ्याच नियमाने मी त्याला बाहेरख्याली ठरवलं. उद्या त्याला आमच्या जागेत ठेवायचं. तू यायचंस. हाच कोट घालून, असाच, मोठा."

सेथने होकारार्थी मान हलवली.

मी आणि पेनरोज दाराकडे वळलो. मागून विनीचा आवाज आला, अगदी खाली आलेला.

"सेथ, तो ओरडत होता म्हणालास. काय म्हणत होता?"

सेथ खिडकीकडे बघत राहिला. बाहेर पाऊस परत सुरू झाला होता.

"पावसात कळलं नाही, विनी," तो म्हणाला. "खिडकी उघडली असती तर ऐकू आलं असतं."